किनाऱ्यावरचा पहिला संगणक

कोंकणांतील जाणता मनुष्य घर बांधावयास काढतो तेव्हां तो प्रथम चिऱ्यांचा भाव विचारीत नाहीं. पाऊस कोणत्या बाजूनें मारा करतो, पाण्याचा निचरा कोणीकडे होतो, विहीर कोठें आहे, हें तो आधीं पाहतो. छपराचा उतार आणि पडवीची रुंदी त्यावरून ठरते, आणि शोभेचा विचार सर्वांत शेवटीं येतो. ज्यानें हा क्रम उलटा केला, त्याच्या घरांत पहिल्याच मृगांत पाणी शिरतें.

घरांत पहिला संगणक जुळवून घेणाऱ्या कुटुंबासहि हाच न्याय लागू पडतो. मालवण, देवबाग, तारकर्ली, आचरें, वेंगुर्लें या किनारपट्टीवर असा संगणक हवा असलेले तरुण-तरुणी हल्लीं बरेच आढळतात. कोणाला समुद्रतळाचें चित्रण जोडावयाचें असतें, कोणाला दशावताराच्या प्रयोगाची चित्रफीत तयार करावयाची असते, कोणाला पडद्यावर चित्रें रंगवावयाचीं असतात. आणि काम आटोपल्यावर त्याच यंत्रावर घटकाभर खेळ खेळण्याची इच्छा तर बहुतेकांना असते. यासाठीं लागणारी रक्कम लहान नसते. मासळीच्या हंगामांत शिल्लक टाकलेले, किंवा पर्यटकांच्या खोलीभाड्यांतून जमविलेले ते पैसे एकदांच खर्च व्हावयाचे असतात. यंत्र चुकीचें निघालें, अथवा चांगलें निघूनहि एका पावसाळ्यांत गंजून गेलें, तर दुसरी संधि कित्येक वर्षें येत नाहीं. यासाठीं बाजारांत जाण्यापूर्वीं कागदावर योजना करणें हें या कामांतील मुख्य काम होय.

तयार मिळणाऱ्या लॅपटॉपाची सोय मोठी आहे, हें नाकारतां येत नाहीं. तो बॅटरीवर चालतो, जवळ बाळगतां येतो आणि घेतल्या दिवसापासून कामास लागतो. परंतु त्यांतील बरेच भाग डाख देऊन एकमेकांस कायमचे जोडलेले असतात. एखादा भाग बिघडला किंवा अपुरा पडला तर पुष्कळदां सबंध यंत्रच बदलावें लागतें. निरनिराळे भाग निवडून जुळविलेल्या संगणकांत प्रत्येक भाग स्वतंत्रपणें काढतां-घालतां येतो. आज पैसा कमी असेल तर एखादा भाग साधा घ्यावा, दोन वर्षांनीं तेवढाच बदलावा आणि बाकीचें यंत्र तसेंच ठेवावें, ही मुभा बेताच्या उत्पन्नाच्या घराला फार मोलाची आहे. मात्र भाग निवडणें आपल्या हातीं आलें कीं चुकीची जबाबदारीहि आपल्याकडेच येते.

स्वतःच्या गरजेप्रमाणें संगणक घडविण्याचा प्रयत्न मुंबईंत फार पूर्वीं झालेला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं प्रथम एक लहान प्रायोगिक यंत्र तयार झालें; तें १९५६ सालीं चालूं लागलें. त्यावरील अनुभवाच्या बळावर १९६० सालीं पूर्ण यंत्र उभें राहिलें, आणि पुढें त्यास ‘टिफ्रॅक’ असें नांव मिळालें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. त्याची स्मरणशक्ति चाळीस बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापानें दहा किलोबाइट होती. हल्लींच्या साध्या घरगुती संगणकांत सोळा गिगाबाइट स्मरणशक्ति असते. ती टिफ्रॅकच्या सोळा लाखांहून अधिक पट भरते. यंत्रें इतकीं बदललीं, तरी त्या शास्त्रज्ञांची रीति आजहि तितकीच उपयोगी आहे. काम आधीं ठरवावें, आरंभ लहान करावा, आणि वाढीला जागा ठेवावी.

तेव्हां पहिला प्रश्न कामाचा. खेळ आणि कलाकृति हीं दोन्ही कामें संगणकाला जड आहेत. पण दोहोंचें ओझें निराळ्या खांद्यांवर पडतें. पडद्यावरील हलतें चित्र म्हणजे एकामागून एक झपाट्यानें दाखविलेलीं स्थिर चित्रें होत. खेळांत हें प्रत्येक चित्र खेळाडूच्या हालचालीप्रमाणें त्या क्षणीं नव्यानें तयार करावें लागतें. सेकंदास ६० चित्रें दाखवावयाचीं तर एका चित्रासाठीं यंत्राला सुमारें १७ सहस्रांश सेकंद मिळतात. १४४ दाखवावयाचीं तर पुरे सातहि मिळत नाहींत. शिवाय प्रत्येक चित्रांतील बिंदूंची संख्या पडद्यावर अवलंबून असते. १९२० गुणिले १०८० मापाच्या पडद्यावर सुमारें २१ लाख बिंदु असतात, २५६० गुणिले १४४० वर ३७ लाख, आणि ३८४० गुणिले २१६० वर ८३ लाख. म्हणजे पडदा एका पायरीनें मोठा घेतला कीं चित्र काढणाऱ्या भागाचें ओझें दीडपट-दुपटीनें वाढतें. सबब योजनेचा आरंभ मॉनिटरपासून करावा. पुष्कळ लोक तो सर्वांत शेवटीं उरलेल्या पैशांतून घेतात, आणि मग भारी यंत्राला हलका पडदा, किंवा त्याच्या उलट, अशी विजोड जोडी होऊन बसते.

ज्याला खेळ आणि चित्रकाम दोन्ही साधावयाचीं आहेत, त्यानें मॉनिटर घेतांना दोन गोष्टी पाहाव्या. सेकंदास शंभराहून अधिक चित्रें दाखविण्याची गति खेळाला उपयोगी पडते; आणि आयपीएस जातीचा, एसआरजीबी रंगमर्यादा पूर्ण दाखविणारा पडदा रंगाच्या कामाला लागतो. ज्या पडद्यावर समुद्राचा हिरवट निळा रंग नुसता निळा दिसतो, त्यावर बसून केलेलें काम दुसऱ्याच्या पडद्यावर भलतेंच दिसतें.

यानंतर प्रोसेसर. हा संगणकाचा कर्ता भाग. त्यांत अनेक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणें काम करणारे विभाग असतात. ते किती असावेत, हें समजण्यास मालवणच्या माणसाला रापणीचें उदाहरण पुरेसें आहे. रापणीचें जाळें ओढावयास जितके हात अधिक, तितकें काम लौकर होतें. परंतु होडी खडकांतून काढावयाची असेल तेव्हां एका तांडेलाची चपळाईच उपयोगी पडते. चित्रफीत तयार करून बाहेर काढणें, किंवा त्रिमितीय दृश्य रंगवून घेणें, हें रापणीसारखें काम आहे. त्यास आठ किंवा अधिक कोअर लाभदायक ठरतात. खेळ हें तांडेलाचें काम आहे. तेथें सहा चपळ कोअर बहुधा पुरतात. दोन्ही करणाऱ्यानें मधल्या किंमतीचा सहा किंवा आठ कोअरांचा प्रोसेसर घ्यावा, आणि वांचलेला पैसा इतरत्र लावावा.

इंटेल व एएमडी या दोन कंपन्यांपैकीं कोणाचा प्रोसेसर घ्यावा, याबद्दल तरुणांत मोठे वाद चालतात. त्यांपेक्षां दोन व्यवहारी गोष्टींकडे लक्ष देणें बरें. पहिली, प्रोसेसर ज्या सॉकेटांत बसतो त्याचें आयुष्य. एएमडीच्या एएम-४ सॉकेटासाठीं पांच वर्षांहून अधिक काळ नवे प्रोसेसर निघत राहिले, आणि ज्यांचे मदरबोर्ड जुने होते त्यांपैकीं पुष्कळांना केवळ प्रोसेसर बदलून काम भागवितां आलें. २०२२ सालीं आलेल्या एएम-५ सॉकेटाविषयींहि त्या कंपनीनें दीर्घकाळ आधार देण्याचें जाहीर केलें आहे. दुसरी गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसाला अधिक महत्त्वाची. ज्या प्रोसेसरांत चित्र दाखविण्याचा लहान विभाग अंतर्भूत असतो, तोच घ्यावा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नांवाच्या शेवटीं ‘एफ’ हें अक्षर असतें, त्यांत तो नसतो. म्हणून ते थोडे स्वस्त मिळतात. पण ग्राफिक्स कार्ड बिघडून दुरुस्तीसाठीं मुंबईस गेलें, तर अंतर्भूत विभाग असलेला संगणक हळू कां होईना चालू राहतो; नसलेला संगणक महिनाभर मुका बसतो. शिवाय पहिल्या वर्षीं कार्ड न घेतांच काम सुरू करण्याची सोयहि त्यामुळें होते.

ग्राफिक्स कार्ड हा खेळाचा प्राण आणि खर्चाचा डोंगर. त्याचें मोल ठरवितांना त्याच्या स्वतःच्या स्मरणशक्तीकडे पाहावें. आठ गिगाबाइट ही आज खालची पायरी झाली आहे. चित्रफीत व त्रिमितीय काम करणाऱ्यास बारा किंवा सोळा असणें सोयीचें. ब्लेंडरसारखीं कांहीं साधनें एनव्हिडियाच्या कार्डांचा विशेष लाभ घेतात, हेंहि कलाकामासाठीं लक्षांत ठेवावें.

संगणकाच्या मुख्य स्मरणशक्तीला, म्हणजे रॅमला किती जागा लागते, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. कुडाळजवळील पिंगुळी गांवीं ठाकर समाजानें चित्रकथीची परंपरा जतन केली आहे. त्या परंपरेंतील परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री जाहीर झाली. अशा परंपरेंतील एखादें १२ इंच रुंद व १६ इंच उंच चित्र, दर इंचास ६०० बिंदु या सूक्ष्मतेनें संगणकांत उतरविलें, तर जवळजवळ सात कोटि बिंदु होतात, आणि त्याचा एक थर २०० मेगाबाइटहून अधिक जागा घेतो. त्यावर दहा थर चढविले कीं दोन गिगाबाइट त्या एका चित्रांतच गुंतले. म्हणून खेळापुरतें सोळा गिगाबाइट चालत असले तरी कलाकामाला बत्तीस धरावे. आणि ते एका पट्टीऐवजीं सारख्या दोन पट्ट्यांत घ्यावे, म्हणजे प्रोसेसराला दोन वाटांनीं माहिती मिळते. येथें बाजाराची एक सूचना आवश्यक आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्यामुळें २०२५ सालाच्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्यानें चढले. तेव्हां जुन्या अंदाजपत्रकावर विसंबूं नये. खरेदीच्या आठवड्यांतील भाव विचारूनच बेरीज करावी.

साठवणीचा हिशेब असाच करावा. तारकर्लीस स्कूबा डायव्हिंगचें प्रशिक्षण देणारी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची संस्था आहे, आणि मालवणच्या समुद्रांत पर्यटकांचें पाण्याखालील चित्रण करून देणें हा अनेकांचा उद्योग झाला आहे. लहान कॅमेरा सेकंदास १०० मेगाबिट या गतीनें चित्रण करीत असेल, तर एका तासाचें चित्रण ४५ गिगाबाइट होतें. रोज एक तास धरला तर आठ दिवसांत ३६० गिगाबाइट भरले. यासाठीं दोन कोठारें ठेवावीं. चालू कामासाठीं एक टेराबाइटची एनव्हीएमई जातीची एसएसडी, आणि संपलेल्या कामासाठीं मोठी हार्ड डिस्क. पहिली सेकंदाला कित्येक हजार मेगाबाइट वाचते, दुसरी दोनशेंच्या आंतबाहेर. पण तेवढ्याच जागेला दुसरीची किंमत पुष्कळ कमी पडते. याखेरीज गिऱ्हाइकाचें काम तिसऱ्या ठिकाणीं, शक्य तर दुसऱ्या घरांत, नकलून ठेवावें. यंत्र पुन्हां विकत मिळतें. एखाद्या वृद्ध दशावतारी नटाच्या प्रयोगाचें चित्रण पुन्हां मिळत नाहीं.

येथवरचा विचार मुंबईंतील माणसालाहि असाच करावा लागतो. किनाऱ्यावरच्या माणसाला आणखी दोन पाहुण्यांची व्यवस्था करावी लागते, ते म्हणजे वीज आणि हवा.

विजेचा हिशेब प्रथम बेरजेचा आहे. मधल्या प्रतीचा प्रोसेसर ९० वॅट, ग्राफिक्स कार्ड १६० वॅट, आणि मदरबोर्ड, डिस्का व पंखे मिळून ६० वॅट धरले, तर एकूण ३१० होतात. कार्डाची भूक क्षणभर याहूनहि वाढते. म्हणून पॉवर सप्लाय ५५० ते ६५० वॅटचा असावा. त्यावर लिहिलेलें ‘८० प्लस’ हें चिन्ह वीज किती कमी वायां जाते एवढेंच सांगतें. चढउतारापासून रक्षण किती होतें, तें सांगत नाहीं. सबब नांवाजलेल्या कंपनीचा, दीर्घ मुदतीच्या हमीचा, आणि विजेचा दाब बराच खालीं गेला तरी चालणारा पॉवर सप्लाय निवडावा. स्वस्त पॉवर सप्लाय जळतांना पुष्कळदां मदरबोर्डालाहि बरोबर घेऊन जातो. घरच्या पैशांतून सर्वांत आधीं वेगळी काढावी अशी रक्कम ही.

यूपीएसचा आंकडा फसवा असतो. ‘६०० व्हीए’ असें लिहिलेला साधा यूपीएस प्रत्यक्षांत सुमारें ३६० वॅटच देतो. वरील ३१० मध्यें मॉनिटरचे तीसएक वॅट मिळविले कीं तो कांठोकांठ भरला. म्हणून १,००० व्हीएच्या पुढचा घ्यावा, आणि शक्य असल्यास शुद्ध साइन-वेव्ह जातीचा. कारण कांहीं पॉवर सप्लाय साध्या यूपीएसच्या वेड्यावाकड्या लहरींवर एकाएकीं बंद पडतात. यूपीएस खेळ पुढें चालविण्यासाठीं नसतो. काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरतीं पांच-दहा मिनिटें मिळावीं, हा त्याचा उद्देश. घरांत इन्व्हर्टर असल्यास त्यावर ‘यूपीएस मोड’ची कळ आहे कीं काय, हें पाहावें. नसेल तर वीज जातांच इन्व्हर्टर सुरू होण्यास जो क्षण लागतो, तेवढ्यांत संगणक बंद पडतो.

आणि अर्थिंग. जांभ्या दगडाची जमीन चैत्र-वैशाखांत कोरडी ठणठणीत होते. त्या दिवसांत अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी घातलें नाहीं, तर भिंतींतील तिसरें भोंक नुसतें शोभेचें राहतें. संगणक आणण्यापूर्वींच जाणत्या वायरमनकडून तें तपासून घ्यावें. हा खर्च किरकोळ असतो, आणि त्यानें यंत्राचेंच काय, माणसाचेंहि रक्षण होतें. मृगाच्या आधींचा वळीव आणि हस्त-चित्रांतील परतीचा पाऊस हे विजांचे दिवस होत. अशा वेळीं नुसती कळ बंद करणें पुरेसें नाहीं. प्लग भिंतींतून ओढून काढावा, आणि इंटरनेटची तांब्याची तारहि सोडवावी. मे २०२१ मध्यें तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हां अनेक गांवें कित्येक दिवस विजेवांचून राहिलीं. अशा प्रसंगानंतर वीज परत येते त्या क्षणीं तिचा दाब स्थिर नसतो. दिवे कांहीं वेळ नीट जळूं द्यावे, आणि मगच प्लग लावावा.

आतां हवा. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांत मिठाचे अतिसूक्ष्म कण असतात. ते यंत्राच्या आंत बसतात तेव्हां दिसत नाहींत, आणि हवा कोरडी असेपर्यंत उपद्रवहि देत नाहींत. परंतु हवेंतील सापेक्ष आर्द्रता सुमारें ७५ टक्क्यांच्या वर गेली कीं मीठ स्वतःच ओल ओढून घेऊन विरघळतें. स्वयंपाकघरांतील मिठाच्या बरणीला पावसाळ्यांत पाझर फुटतो, त्याचें हेंच कारण. मदरबोर्डावर असा खारट पाण्याचा पापुद्रा पसरला कीं ज्या वाटांनीं वीज जावयास नको त्या वाटांनीं ती जाऊं लागते, आणि तांब्याच्या रेषा, स्क्रू, जोडण्या हळूहळू गंजतात. शत्रु एकटें मीठ नव्हे आणि एकटी ओलहि नव्हे; दोघांची जोडी हा शत्रु होय. म्हणून त्यांची गांठ पडूं न देणें हीच सर्व उपायांची गुरुकिल्ली.

त्यासाठीं पहिला उपाय जागेचा. समुद्राकडे तोंड असलेल्या खिडकीपासून दूर, आंतल्या खोलींत, जमिनीपासून उंच मेजावर आणि भिंतीपासून हातभर सोडून यंत्र ठेवावें. दुसरा उपाय वापराचा. चालू यंत्र आंतून ऊबदार असतें, आणि ऊबदार जागेंत सापेक्ष आर्द्रता कमी होते. म्हणून पावसाळ्यांत संगणक झांकून ठेवण्यापेक्षां तो रोज तास-दोन तास चालविणें अधिक हितकारक ठरतें. प्लास्टिकचें आवरण घालून आठ-आठ दिवस बंद ठेवलेलें यंत्र आंतल्या आंत ओल धरतें. तिसरा उपाय कॅबिनेटाचा. पुढें जाळी आणि तिच्या मागें धुतां येईल असा गाळणीचा पडदा असलेलें कॅबिनेट घ्यावें. हवा आंत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षां एखाददुसरा अधिक असावा, म्हणजे फटींतून धूळ न शिरतां हवा गाळणीवाटेच येते. गाळणीनें मीठ सर्वस्वीं अडत नाहीं. पण ज्या धुळीवर मीठ आणि ओल मुक्काम करतात, ती धूळ अडते. चौथा उपाय वातानुकूलित खोलीविषयीं. गार झालेल्या यंत्रावर खिडकी उघडून बाहेरची दमट हवा एकदम सोडूं नये. थंड तांब्यावर जसें दंव धरतें तसें आंतल्या भागांवर धरतें. मागील बाजूच्या मोकळ्या फटी बंद ठेवाव्या, हा पांचवा उपाय. ऊबेच्या आशेनें मुंग्या आणि पाली तेथें घर करतात, आणि एखादी पाल चालू पॉवर सप्लायांत शिरली तर तिचा व यंत्राचा एकदमच शेवट होतो.

सिलिका जेलच्या पुड्या चालत्या कॅबिनेटांत टाकण्याची पद्धति आहे. तिचा उपयोग नाहीं, कारण तेथें हवा सतत बदलत असते. डबाबंद ठेवलेल्या सुट्या डिस्का व कॅमेऱ्याचीं भिंगें यांसाठीं मात्र त्या उत्तम. वर्षांतून दोनदां, दसऱ्याच्या व अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, मऊ ब्रशानें यंत्र स्वच्छ करावें, आणि स्क्रूंवर तांबूस डाग दिसतात कीं काय, हें पाहावें. गंजाची पहिली खबर तेथें मिळते.

हे दोन पाहुणे लक्षांत घेतले कीं खरेदीची रीतिहि बदलते. ओलीमुळें किंवा गंजामुळें झालेली हानि सामान्यतः कंपनीच्या हमींत धरली जात नाहीं. म्हणून हमीच्या भरंवशावर काळजी सोडूं नये. मुंबईंतील लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, भागांची विपुलता आहे आणि भावांत घासाघीसहि चालते. पण तेथून आणलेला भाग सदोष निघाला तर परत पाठविणें आलें. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी येथील दुकानांत भाव थोडा अधिक पडेल, परंतु माणूस समोर असतो. म्हणून मॉनिटर, यूपीएस, कॅबिनेट हे जड भाग जवळ घ्यावे. प्रोसेसर, मदरबोर्ड व रॅम शक्यतों एकाच दुकानांतून घ्यावीं, म्हणजे एक भाग दुसऱ्यावर दोष ढकलीत नाहीं. गणपतीला गांवीं येणाऱ्या चाकरमान्याबरोबर भाग मागवावयाचे असल्यास, पक्कें बिल व त्यावर प्रत्येक भागाचा क्रमांक घेण्यास त्याला आधींच सांगावें. आणि भाग हातीं पडतांच, सणाची गडबड असली तरी, दोन दिवसांत चालवून पाहावे. जुनें ग्राफिक्स कार्ड स्वस्त मिळत असेल तर त्याचे स्क्रू व पितळी-तांबेरी भाग उजेडांत पाहावे. हिरवट किंवा तांबूस छटा दिसली तर तें किनाऱ्यावरच झिजलेलें आहे, असें समजावें. जुना सबंध संगणक घेण्यापूर्वींहि एक गोष्ट ध्यानांत असावी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ पुष्कळ जुन्या यंत्रांवर अधिकृतपणें चढत नाहीं.

पैसा अपुरा असेल तर काटछांट कोठें करावी? अर्थिंग, पॉवर सप्लाय, यूपीएस आणि मदरबोर्ड यांत करूं नये. प्रोसेसर मधला घ्यावा. ग्राफिक्स कार्ड आणि मोठी हार्ड डिस्क पुढील वर्षावर ढकलतां येतात. रंगीत दिवे व कांचेची भिंत यांवर पैसा घालण्यापूर्वीं, त्याच पैशांत एक चांगला पंखा येतो हें आठवावें. साधनांचा खर्च तर बराचसा टाळतांच येतो. ब्लेंडर, क्रिटा, केडेनलाइव्ह हीं मोफत मिळतात, आणि डाव्हिंची रिझॉल्व्हची मूळ आवृत्तिहि विनामूल्य आहे.

भाग जुळवितांना घाई करूं नये. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून त्यावर प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एक पट्टी एवढेंच बसवावें, पॉवर सप्लाय जोडावा, आणि पडदा उजळतो कीं नाहीं तें पाहावें. उजळला तरच सर्व कॅबिनेटांत चढवावें. त्यानंतर तासभर जड काम देऊन तापमान पाहावें, आणि ही परीक्षा भर दुपारीं करावी. वैशाखांतील दुपार निभावणारें यंत्र बाकीच्या दिवसांत सहसा दगा देत नाहीं.

घरांतील वडील मंडळी कदाचित् विचारतील, कीं खेळासाठीं एवढा खर्च कशाला? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर योजनेच्या कागदावरच असावें. डाव्या बाजूस हें यंत्र कोणतें काम करील व त्यांतून काय मिळेल. उजव्या बाजूस प्रत्येक भागाची किंमत. खालीं अर्थिंग, यूपीएस व नकलून ठेवण्याच्या डिस्केचा खर्च. आणि शेवटीं पुढील वर्षावर ठेवलेल्या भागांची यादी. मुलानें किंवा मुलीनें असा कागद घरांत सर्वांसमक्ष वाचून दाखविला, तर पैसा कोठें जात आहे हें घराला कळतें, आणि खर्चाला घराची संमति मिळते. चार पावसाळ्यांनंतर त्या यादींतील एखादें नवें कार्ड जुन्याच कॅबिनेटांत बसलें आणि आंतले स्क्रू तेव्हांहि पांढरे राहिले, तर तो कागद खरा ठरला असें समजावें.